प्लेटलेट्स ६३८ आल्यात, झोप उडालीये

प्रश्न : नमस्कार ताई. वय ३८, साताऱ्यात राहते, नोकरी करते, दोन मुलं आहेत. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी झाली, त्यात प्लेटलेट्स ६३८ आल्यात आणि पुढे ठळक एच छापलाय. आधी मला वाटलं ६३८ म्हणजे किती कमी, कारण गेल्या वर्षी धाकट्याला डेंग्यू झाला तेव्हा आकडे हजारा-लाखात सांगायचे, मग भाऊजींनी सांगितलं की हे हजारात लिहिलेलं आहे म्हणजे सहा लाख अडतीस हजार. मग मी गुगल केलं आणि तिथे पहिलंच ब्लड कॅन्सर. तेव्हापासून झोप नाही. भाऊजी म्हणाले रक्त घट्ट झालंय, सासऱ्यांची इकोस्प्रिन आहे घरात ती रोज एक घे, मी दोन दिवस घेतली पण. नणंद म्हणते लसूण खा, सासूबाईंनी पपई बंद केली कारण पपईने प्लेटलेट्स वाढतात. एचबी ९.४ आहे पण ते माझं नेहमीच कमी असतं, पाळी सात-आठ दिवस जाते, दुसऱ्या बाळंतपणापासून तसंच आहे. दमायला होतं पण ते कुणाला होत नाही. आणि हसू नका, हल्ली कच्चे तांदूळ खावेसे वाटतात, येताजाता डब्यातून मूठभर खाते. असो, मला फक्त प्लेटलेट्सचं सांगा. पुढच्या महिन्यात ऑफिसात रक्तदान शिबिर आहे, रक्त दिलं तर प्लेटलेट्स कमी होतील का? रिपोर्टचा फोटो सोबत पाठवलाय. – काळजीत पडलेली

उत्तर :

ताई म्हणालीस म्हणून सरळ अगं-तुगं करते हां.

पहिलं काम, ती इकोस्प्रिन, म्हणजे अॅस्पिरिनच, आज बंद. सासऱ्यांना ती त्यांच्या डॉक्टरांनी त्यांच्या हृदयासाठी दिलीये, तुझ्या रिपोर्टसाठी नाही. एक तर पाळीत तुझं इतकं रक्त जातंय आणि वर तू प्लेटलेट्सना चिकटू न देणारी गोळी घेतेस, म्हणजे पुढची पाळी आणखी जोरात. दोन गोळ्यांनी काही झालेलं नाहीये, घाबरू नकोस, पण तिसरी नको.

आता तुझं ते "मला फक्त प्लेटलेट्सचं सांगा". तुझ्या प्लेटलेट्सचं उत्तर बहुतेक तू स्वतःच लिहून पाठवलंयस, फक्त त्याच्यापुढे "असो" लिहिलंयस. कच्चे तांदूळ, सात-आठ दिवसांची पाळी, दमणूक, नेहमीचंच कमी एचबी, या सगळ्याचा प्लेटलेट्सशी संबंध आहे आणि चांगला जवळचा आहे.

तुझा रिपोर्ट मी झूम करून बघितला. प्लेटलेट्सच्या ओळीवर तू पेनने तीन गोल काढलेत. त्याच्या वरच्या ओळी बघ. एचबी ९.४. एमसीव्ही ६९, हा लाल पेशीचा सरासरी आकार, नॉर्मल साधारण ८० ते १००, म्हणजे तुझ्या पेशी बऱ्याच लहान आहेत. एमसीएच २१, म्हणजे प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिन कमी, ते २७ च्या वर पाहिजे. आरडीडब्ल्यू १८, म्हणजे काही पेशी लहान काही मोठ्या, सगळा गोंधळ. या चार ओळी एकत्र आल्या की आम्हा पॅथॉलॉजीवाल्यांच्या तोंडून आपोआप निघतं, आयर्न कमी आहे. आणि आयर्न कमी असलं की प्लेटलेट्स वाढतात हे आम्ही रोज बघतो, बायकांच्या रिपोर्टमध्ये तर फारच, फक्त एचच्या शेजारी कुणी ते कारण छापत नाही.

का वाढतात? हाडातल्या मगजात लाल पेशी आणि प्लेटलेट्स बनवणाऱ्या पेशी यांची मूळ पेशी एकच असते. लाल पेशी बनवायला लोह लागतं, ते कमी पडलं की ती मूळ पेशी प्लेटलेट्सच्या बाजूला जास्त वळते. घरातले गहू संपत आले की पोळ्या कमी आणि भाकऱ्या जास्त होतात ना, तसंच समज. शिवाय तुझं दर महिन्याला रक्त जातंय, आणि रक्त गेलं की प्लेटलेट्सचं उत्पादन वाढवणं हा शरीराचा जुना स्वभाव आहे.

आकड्याचं एकदा नीट समजून घे, कारण भाऊजी बरोबर असले तरी पुढच्या वेळी दुसरी लॅब वेगळ्या पद्धतीने छापेल आणि परत गोंधळ होईल. नॉर्मल दीड लाख ते साडेचार लाख, एका घन मिलिमीटरमध्ये. काही लॅब ६.३८ लाख छापतात, काही ६३८ लिहून पुढे हजाराचं युनिट टाकतात, काही सरळ ६,३८,०००. तिन्ही एकच. साडेचार लाखाच्या वर गेलं की जास्त म्हणायचं. आपल्याकडे डेंग्यूमुळे प्लेटलेट कमी होण्याची भीती घराघरात पोचलीये, रिक्षावाल्यालासुद्धा माहीत असतं की वीस हजाराच्या खाली गेलं की टेन्शन, पण जास्त झाल्या तर काय हे कुणी कधी ऐकलेलं नसतं, म्हणून माणूस डायरेक्ट गुगलवर जातो आणि गुगल डायरेक्ट कॅन्सरवर.

वाढलेल्या प्लेटलेट्सचे दोन मोठे गट आहेत. एका गटात मगज ठणठणीत असतो, बाहेर काहीतरी झालेलं असतं आणि मगज त्याला उत्तर देत असतो. याला रिअॅक्टिव्ह म्हणतात आणि वाढलेल्या काउंटपैकी बहुतांश, दहातले आठ-नऊ, यातलेच असतात. आयर्नची कमतरता, कुठलंही इन्फेक्शन, टीबी, संधिवात, आतड्याची सूज, ऑपरेशन, अपघात, बाळंतपण, रक्तस्राव. कुणाची प्लीहा, म्हणजे डाव्या बरगडीखालचा तो अवयव, काढलेली असेल तर, कारण शरीरातल्या साधारण एक तृतीयांश प्लेटलेट्स प्लीहेत बसलेल्या असतात, ती जागाच गेली की त्या सगळ्या रक्तात फिरतात. लहान मुलाला न्यूमोनिया होऊन गेला की काउंट सात-आठ लाख दिसतो आणि बालरोगतज्ज्ञ त्याकडे बघून पुढच्या पानावर जातात. तुझ्या धाकट्याच्या डेंग्यूनंतर कुणी आठ-दहा दिवसांनी परत सीबीसी केली असती तर त्याच्याही कदाचित नॉर्मलच्या वर गेलेल्या दिसल्या असत्या, उतरलेला काउंट भरून येताना थोडा पुढे जातो आणि मग आपोआप जागेवर येतो.

दुसऱ्या गटात दोष मगजातच असतो. तिथली एक पेशी जनुकातल्या बदलामुळे कुणी न सांगता प्लेटलेट्स बनवत सुटते. यातला मुख्य आजार एसेन्शियल थ्रोम्बोसायथेमिया, लोक नुसतं ईटी म्हणतात. गुगलने तुला दाखवला तो हाच. हा रक्ताच्या कॅन्सरच्या कुटुंबातच मोडतो, खोटं कशाला सांगू, पण ब्लड कॅन्सर म्हटल्यावर तुझ्या डोळ्यासमोर जे येतं, केस गेलेले, केमोच्या बाटल्या, तसलं ते नसतं. फार हळू चालणारा आजार, बहुतेक लोक वर्षानुवर्षं नेहमीचं आयुष्य जगतात, रोजची एक-दोन औषधं आणि तपासण्या एवढंच. जॅक-२ नावाच्या जनुकातला बदल २००५ साली सापडला, ईटीच्या साधारण निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये तो असतो, मग २०१३ मध्ये कॅलआर सापडला, तिसरा एमपीएल. आता हे रक्ताच्या नमुन्यावर कळतं. पण ही टेस्ट आज तुला करायची नाहीये. महाग असते, आणि तुझ्या रिपोर्टमध्ये कारण समोर दिसत असताना आधी ते सोडवायचं.

आता जरा काचेबद्दल सांगते कारण हे मला बोलल्याशिवाय राहवत नाही. मशीन पेशींना आकारावरून ओळखतं, आणि लाल पेशी फारच बारीक झाल्या किंवा त्यांचे तुकडे असले तर कधीकधी त्यांनाच प्लेटलेट समजून मोजतं. म्हणून वाढलेला काउंट आला की काच बघायची असते, पेरिफेरल स्मिअर म्हणतात. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधला एक थेंब काचेवर ओढायचा, रंगवायचा आणि तेल टाकून शंभरच्या लेन्सखाली बघायचा. एका फील्डमध्ये दिसणारी एक प्लेटलेट म्हणजे साधारण पंधरा-वीस हजार, असा आमचा ठोकताळा. नॉर्मल माणसात दहा-पंधरा दिसतात. तुझ्या काचेवर पस्तीस-चाळीस दिसायला पाहिजेत, लाल पेशींच्या मधेमधे जांभळट ठिपके, काचेच्या शेपटीकडे घोळके करून. आणि लाल पेशी कशा दिसतील तेही सांगू शकते, मधे पांढऱ्या, कडेला नुसती गुलाबी रेघ राहिलेली, काही तर लांबुडक्या, त्यांना आम्ही पेन्सिल सेलच म्हणतो. तुझ्या रिपोर्टच्या खाली स्मिअरची ओळ रिकामी आहे. पॅकेजमधल्या चेकअपमध्ये हे नेहमीचं, मशीनने आकडे काढले की प्रिंट. त्याच लॅबला जाऊन विचार, स्मिअर करून द्याल का, फार पैसे नाहीत लागत.

स्मिअरसोबत फेरिटिन कर. हा शरीरातला लोहाचा साठा. १५ च्या खाली आलं तर विषय संपला, आयर्न कमी, आणि ३० च्या खाली असलं तरी बहुतेक तेच. फक्त एक मेख आहे, अंगात कुठे सूज किंवा इन्फेक्शन असलं की फेरिटिन उगाच वर जातं आणि साठा भरलेला असल्याचं नाटक करतं, म्हणून त्याच दिवशी सीआरपी, ही सूज दाखवणारी टेस्ट, पण करून घे. सर्दी-ताप असेल तर तो जाऊ दे, दोन आठवडे थांब, मग रक्त दे. कुणी तुला थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईवडिलांकडून आलेला हिमोग्लोबिनचा सौम्य दोष, असेल असंही म्हणेल, त्यातही पेशी लहान असतात, पण तिथे लाल पेशींची संख्या सहसा चांगली भरभक्कम असते, तुझी ४.४ आहे आणि आरडीडब्ल्यू एवढा वाढलाय, त्यामुळे माझा कौल आयर्नलाच. लोहाचा साठा भरल्यावरही पेशी लहानच राहिल्या तर तेव्हा ती तपासणी.

हे कागद घेऊन फिजिशियनकडे जा. मी तुझं पोट तपासलेलं नाही, प्लीहा हाताला लागते का ते मला इथून कळणार नाही, आणि ते बघावं लागतं. ते बहुतेक आयर्नच्या गोळ्या देतील. तुझं एचबी ९.४ आहे, इथे बीट-डाळिंबाने भागणार नाही, बीट लाल असतं म्हणून रक्त वाढतं हा एक आपला आवडता समज आहे, त्यात लोह फार नसतं. हळीव, पालेभाज्या, लोखंडी कढई हे सगळं चांगलं, चालू ठेव, पण गोळी ती गोळी. रिकाम्या पोटी सोसली तर उत्तम, नाहीतर थोडं खाऊन, सोबत लिंबूपाणी. चहा मात्र गोळीच्या आसपास नको, आधी-नंतर तास-दोन तास, आणि कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तीही वेगळ्या वेळी. मी बघितलंय, सकाळी चहाच्या घोटाबरोबर आयर्न घेणाऱ्या बायका सहा महिने गोळ्या खातात आणि एचबी तिथेच. शी काळी होईल, घाबरू नकोस. मळमळ झाली, पोट साफ होईना तर गोळी बंद करून बसू नकोस, डॉक्टरांना सांग, दिवसाआड घेतली तरी चालते असं हल्ली बरेच डॉक्टर सांगतात.

तीन-चार आठवड्यांनी परत सीबीसी. एचबी एक-दोनने वर आलेलं दिसायला पाहिजे आणि प्लेटलेट्स खाली यायला लागलेल्या. माझ्या बघण्यात तरी आयर्न नीट गेलं की हा काउंट इतका गुपचूप उतरतो की ज्याने रात्रीची झोप घालवली त्याचं नंतर कुणी नावही काढत नाही. आणि इथेच सगळे गोळ्या बंद करतात. तसं करायचं नाही, एचबी नॉर्मल झाल्यावर पुढे साधारण तीन महिने चालू ठेवायच्या, साठा भरायचा असतो.

पण गोळ्यांपेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे आणि तो मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त खटकला. दुसऱ्या बाळंतपणापासून पाळी सात-आठ दिवस जाते आणि तू ते असं लिहितेस जसं काही घराचा पत्ता सांगतेस. दर दोन तासाला पॅड बदलावं लागतं का? गाठी पडतात का? रात्री उठून बदलावं लागतं का? यातलं एक जरी हो असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं, सोनोग्राफी करायची, गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी आहेत का ते बघायचं, थायरॉइड बघायचं. खालून गळतंय आणि वरून आयर्न ओततोय असं वर्षानुवर्षं चालतं बायकांचं. "माझं एचबी नेहमीच कमी असतं" हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय, जसं काही ते उंचीसारखं जन्मतः ठरलेलं आहे. आणि पाळीचं सगळं ठीक निघालं तरी लोह कुठे जातंय ते शोधायचंच, जंत, मूळव्याधीचं रक्त, अॅसिडिटीच्या गोळ्या रोज घेतेस का, शौचातून न दिसणारं रक्त जातंय का.

कच्च्या तांदळाचं हसण्यासारखं काही नाही. आयर्न कमी असलेल्या माणसाला माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, बर्फ, तांदूळ असलं काहीतरी चावावंसं वाटतं. सासूबाईंना सांग ही खोड नाही, लक्षण आहे. आणि गंमत अशी की आयर्न सुरू केलं की एचबी वाढायच्या आधीच ही इच्छा जाते बऱ्याचदा.

आता रक्त घट्ट झाल्याचं. रिअॅक्टिव्ह वाढीत नुसत्या काउंटमुळे गुठळी होण्याची भीती फार कमी असते, म्हणून तिथे अॅस्पिरिन सहसा देत नाहीत, कारणावर औषध देतात. ईटीमध्ये गुठळीची भीती खरी असते, विशेषतः वय साठच्या पुढे असेल किंवा आधी कधी गुठळी झाली असेल तर, तिथे कमी डोसचं अॅस्पिरिन आणि गरज पडली तर काउंट उतरवायला हायड्रॉक्सियुरिया देतात. आणि उलटं सांगते, भाऊजींना वाचून दाखव, काउंट दहा लाखाच्या वर गेला की कधीकधी रक्त गोठायला लागणारं एक प्रथिनच कमी पडतं आणि माणसाला रक्तस्राव व्हायला लागतो, तिथे अॅस्पिरिन दिलं तर पंचाईत. म्हणजे प्लेटलेट जास्त म्हणून रक्त घट्ट म्हणून गोळी, हे गणित घरी बसून मांडण्यासारखं नाहीये.

लसूण भाजीत घाल, कच्च्या पाकळ्या गिळत बसू नकोस. पपई खा. डेंग्यूत लोक पपईच्या पानाचा रस पितात, फळाचा याच्याशी काही संबंध नाही, आणि तुझा काउंट पपईने वाढलेला नाही. सासूबाईंनी एवढ्या काळजीने बंद केलीये तर प्रेमाने सांग, लोखंडी कढईत पालक करा म्हणावं त्यापेक्षा.

कधी चिंता करायची तेही सांगते. एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, छातीत दुखलं, अचानक दम लागला, एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, तर काउंट-बिउंट विसरून तडक हॉस्पिटल. तळहात-तळपाय लाल होऊन आग होणं, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर सगळ्या अंगाला खाज, डाव्या बरगडीखाली जड वाटून दोन घास खाल्ल्यावर पोट भरणं, वजन उतरणं, रात्री घामाने कपडे भिजणं, यातलं काही असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांग. आणि फेरिटिन नॉर्मल निघालं, सीआरपी नॉर्मल, किंवा आयर्न भरूनही तीन महिन्यांनी काउंट साडेचार लाखाच्या वरच राहिला, तर हिमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांकडे जायचं, तेव्हा ती जॅक-२ वगैरे टेस्ट. आयर्न कमी आणि ईटी दोन्ही एकत्र असू शकतं, क्वचित, म्हणून काउंट खाली आलेला कागदावर दिसेपर्यंत पाठ सोडायची नाही. चाळिशीच्या पुढच्या माणसात, त्यातही पुरुषात, कारण न सापडणारा वाढलेला काउंट कधीकधी शरीरात दुसरीकडे लपलेल्या कॅन्सरची पहिली खूण असतो, ब्रिटनमध्ये यावर मोठा अभ्यास झालाय, म्हणून घरातल्या कुणाचा असा रिपोर्ट आला तर "अगं काही नसतं, आयर्न असेल" असं माझं नाव सांगून मोकळी होऊ नकोस, त्यांचं कारण वेगळं शोधावं लागेल. तुझ्या बाबतीत मी आयर्न म्हणतेय कारण तुझ्या रिपोर्टमध्ये ते लिहिलेलं आहे.

राहिलं रक्तदान. रक्त दिल्याने प्लेटलेट्स कमी होत नाहीत, उलट एका पिशवीबरोबर साधारण दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह जातं, म्हणजे जे आधीच नाहीये तेच जाईल. आपल्याकडे रक्तदात्याचं एचबी किमान १२.५ लागतं, त्यामुळे शिबिरात बोटाला टोचून बघितल्यावर ते तुला तसंच परत पाठवतील. नाव काढून घे. पुढच्या वर्षीच्या शिबिरापर्यंत १२.५ च्या वर गेलेली असशील तर खुशाल दे, नंतर आयर्न चालू ठेव, आणि त्याआधी फेरिटिनचा आकडा आला की मला कळव.